चैत्रातलं हळदीकुंकू पहिल्यांदाच करताय? डाळ, पन्हं, हरभरे, काकडी असं सगळं नीट जमवायचं कसं

चैत्रातल्या हळदीकुंकवाचा मेनू बघितला तर त्यात गॅसजवळ उभं राहायचं काम जवळजवळ नाहीच. आंब्याची डाळ, कैरीचं पन्हं, भिजवलेले हरभरे, कलिंगडाची फोड आणि फार तर काकडी. डाळ कच्चीच वाटायची, हरभरे भिजवायचे, फळं कापायची, कैऱ्या तेवढ्या उकडायच्या आणि एकदोन फोडण्या. त्यामुळे पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं की हे काय, दुपारी जेवून उठलं की दोन तासात उरकेल, आणि मग साडेपाचला पहिल्या चारजणी दारात आणि आत डाळीचा गोळा झालेला, पन्हं कोमट, काकडीच्या पातेल्यात तळाशी वाटीभर पाणी. यात सुगरण असण्या-नसण्याचा फारसा संबंध नाही. सगळा घोळ पाणी आणि घड्याळ यांचा असतो. डाळ किती वेळ भिजली, किती निथळली, काकडीत मीठ कधी पडलं, पन्ह्यात पाणी कधी घातलं, एवढं सांभाळलंत तर बाकी काही अवघड नाही.

ज्यांच्या घरी हे कधी झालंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते, घरातल्या अन्नपूर्णेला छोट्या पाळण्यात किंवा झोपाळ्यावर बसवतात, आणि ती अक्षय्य तृतीयेपर्यंत म्हणजे महिनाभर असते. या महिन्यात सोयीचा कुठलाही दिवस धरून हळदीकुंकू करता येतं. मंगळवार-शुक्रवारची पद्धत आहे, पण नोकरीवाल्या घरांत आता शनिवार-रविवारच धरतात आणि त्यात काही बिघडत नाही. कोणाला बोलवायचं हा तुमचा प्रश्न, मी तर म्हणेन बिल्डिंगमधल्या सगळ्याच बायकांना बोलवा, सवाष्ण आहे की नाही हे दारात उभं राहून मोजायचे दिवस गेले. पुरुष आणि पोरं पन्ह्यासाठी येतातच, तेवढं धरून चाला.

आरास, चैत्रांगणाची रांगोळी, ओटी याबद्दल सांगणारे घरात आणि शेजारी भरपूर भेटतील. मी इथे फक्त खायच्या-प्यायच्या गोष्टींचं बोलते.

आधी माप

खालचं सगळं २५ माणसांसाठी आहे. लक्षात ठेवा, हे जेवण नाही. द्रोणात दोन मोठे चमचे डाळ, एक छोटा ग्लास पन्हं, एक फोड कलिंगड, बस. एकाच संध्याकाळी त्या बायका अजून दोन घरी जाऊन आलेल्या असतात किंवा जायच्या असतात, त्यामुळे भरभरून वाढलंत तर ते टाकलंच जातं.

हरभऱ्याची डाळ अर्धा किलो. साधे तपकिरी हरभरे १ किलो (काबुली नकोत, ओटीला ते चालत नाहीत आणि चवीलाही मजा नाही). कैऱ्या दीड किलो, त्यातल्या १ किलो पन्ह्याला आणि उरलेल्या डाळीला. गूळ १ किलो, सगळा लागेलच असं नाही. नारळ २. काकड्या दीड किलो, कोवळ्या. कलिंगड ४-५ किलोचं एक. कोथिंबीर दोन जुड्या, हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, दाण्याचं कूट दीड वाटी, लिंबं ४, वेलची, थोडं केशर. हिंग चांगला असू द्या, आंब्याच्या डाळीत हिंग लपत नाही.

कैरी घेताना भाजीवाल्याला सरळ विचारा आंबट आहे का, आणि शक्य असेल तर एक फोड चाखून घ्या. तोतापुरी दिसायला देखणी, लांबुडकी आणि किसायला सोपी, पण आंबटपणा कमी. डाळीला रायवळ किंवा कुठलीही गावठी कैरी असली तर उत्तम. कैरी दाबून बघायची, टणक पाहिजे, आत पिवळसर झाली असेल तर ती गोडीला लागली, डाळीत तिचा उपयोग नाही. अशी एखादी निघालीच तर पन्ह्यात ढकला आणि गूळ कमी घाला.

आदल्या रात्री

दोनच कामं. हरभरे भिजत घालायचे आणि पन्ह्याचा गर करून ठेवायचा.

हरभरे निवडून, दोनतीनदा धुऊन मोठ्या पातेल्यात घाला आणि वर भरपूर पाणी, म्हणजे हरभऱ्याच्या वर चार बोटं तरी. भिजून ते दुप्पट होतात, छोटं पातेलं घेतलंत तर वरचे हरभरे कोरडेच राहतात आणि ते दाताखाली खड्यासारखे येतात. ८-१० तास पुरे. सकाळी उठल्याबरोबर पाणी काढून टाकायचं, पुन्हा एकदा धुवायचे, चाळणीत निथळत ठेवायचे आणि मग कोरड्या सुती कापडावर पसरून पंख्याखाली अर्धा तास. हे पसरायचं काम लोक गाळतात आणि मग ओटीत घातलेल्या हरभऱ्यांनी समोरचीच्या साडीचा पदर ओला होतो. कोरडे झाले की डब्यात भरून फ्रिजमध्ये. एप्रिलच्या उकाड्यात बाहेर ठेवलेत तर संध्याकाळपर्यंत चिकट होऊन वास यायला लागतो. द्यायच्या वेळी कागदी पिशव्या किंवा छोटे रुमाल हाताशी ठेवा, सगळ्याजणी पदरात घेतातच असं नाही, ड्रेस घालून येणाऱ्याही असतात.

त्यातले तीनचार मुठी हरभरे बाजूला काढून कुकरमध्ये मीठ घालून मऊ शिजवा आणि तूप-जिऱ्याची फोडणी, खोबरं, कोथिंबीर, लिंबू असं करून ठेवा. ज्यांना कच्ची डाळ सोसत नाही अशा एकदोन आज्या प्रत्येक हळदीकुंकवात असतातच, त्यांना हे देता येतं.

पन्हं

१ किलो कैऱ्या धुऊन, देठाकडचा चीक पुसून, अख्ख्याच कुकरच्या डब्यात ठेवा. डब्यात पाणी घालायचं नाही, खाली कुकरात असतं तेवढंच. तीन शिट्ट्या. कुकर पडला की कैऱ्या गार होऊ द्या, साल सोलून काढा, सालीला चिकटलेला गर चमच्याने खरवडा आणि कोयी हाताने चोळून पिळून घ्या. हे काम हातानेच होतं. सगळा गर मिक्सरमधून एकदा फिरवून गाळणीतून गाळला की रेषा निघून जातात.

आता गर वाटीने मोजा. एक वाटी गराला दीड वाटी किसलेला गूळ इथून सुरुवात, कैरी फार आंबट असेल तर दोन वाट्यांपर्यंत जा. गर कोमट असतानाच गूळ घालून ढवळत राहिलं की विरघळतो, नाहीच विरघळला तर मंद गॅसवर दोन मिनिटं, उकळी नको. बाजारच्या गुळात कधी कधी काड्या-वाळू निघते, शंका असेल तर गूळ थोड्या कोमट पाण्यात विरघळवून गाळूनच घाला. रंग काळपट होतो म्हणून बरेच जण निम्मी साखर घालतात, चालतं, पण नुसत्या साखरेचं पन्हं मला तरी सरबतासारखं लागतं. मग वेलची पूड एक चमचा, केशर, आणि मीठ. मीठ नीट घाला हो, एवढ्या गराला सपाट एक चमचा तरी, मिठाशिवाय पन्हं नुसतं गोड-आंबट लागतं आणि दुसरा घोट घ्यावासा वाटत नाही.

हा गर काचेच्या बरणीत किंवा स्टीलच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवायचा. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात किंवा बिनकल्हईच्या पितळेत अजिबात नको, आंबट आहे, भांड्याला लागतं. आठवडाभर आरामात टिकतो, म्हणजे खरं तर हे काम दोनतीन दिवस आधीही उरकता येतं.

पाणी मात्र त्याच दिवशी, पाहुणे यायच्या थोडं आधी घालायचं. एक भाग गर, तीन भाग गार पाणी, मग चाखून बघायचं. माठातलं पाणी सगळ्यात छान, एक वाळ्याची जुडी धुऊन सकाळीच माठात टाकून ठेवा, पन्ह्याला जो वास येतो त्याला तोड नाही. बर्फ टाळा. पहिला ग्लास फक्कड आणि दहावा पाणचट असं होतं, आणि बाहेरून आणलेला बर्फ कुठल्या पाण्याचा आहे कोणाला माहीत. सगळं एकदम कालवून ठेवण्यापेक्षा छोट्या जगमध्ये थोडं थोडं करा, कारण गर खाली बसतो आणि दर वेळी ओतायच्या आधी तळापासून ढवळावं लागतं. चार लिटरच्या पातेल्यात ते कोणी लक्षात ठेवत नाही, मग शेवटी येणाऱ्यांना लापशी मिळते. गूळ घालायच्या आधीच थोडा गर बाजूला काढून एक छोटा जग कमी गुळाचा, सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून वेगळा करा. शुगरवाल्या बायका स्वतःहून मागत नाहीत, आपणच विचारायचं.

आंब्याची डाळ

इथे जरा जास्त वेळ थांबते, कारण लोक तुमचं हळदीकुंकू लक्षात ठेवणार ते डाळीवरून.

साडेपाचचं हळदीकुंकू असेल तर डाळ सकाळी १० च्या सुमारास भिजवा. चार ते पाच तास पुरतात. नखाने दाबली की तुटली पाहिजे पण चुरडायला नको. रात्रभर भिजवायचा मोह होतो, की सकाळी डोक्याला ताप नको, पण उन्हाळ्यात रात्रभर भिजलेली हरभऱ्याची डाळ आंबूस होते आणि वाटली की पिठासारखी होते. रात्रीच भिजवायची वेळ आली तर पातेलं फ्रिजमध्ये ठेवा.

भिजली की चाळणीत ओतून निदान अर्धा तास निथळू द्या. चाळणी थोडी तिरकी ठेवायची म्हणजे तळाशी साचलेलं पाणीही जातं. घाई असेल तर पंचावर घालून टिपून घ्या. या अर्ध्या तासात कैऱ्या सोलून किसा, नारळ खोवा, कोथिंबीर चिरा.

वाटताना आधी मिक्सरमध्ये ८-१० मिरच्या आणि थोडं मीठ फिरवून घ्या, नाहीतर नंतर एखादीच्या घासात अख्खा तुकडा येतो. मग डाळ थोडी थोडी, भांडं अर्ध्याहून कमी भरून. बटण सलग फिरवायचं नाही, उलट्या बाजूला पल्स असतं ते, अर्धा सेकंद सुरू, बंद, चमच्याने हलवा, परत. पाण्याचा थेंबही नको. मिक्सर फिरत नाही म्हणून लोक दोन चमचे पाणी घालतात आणि तिथेच डाळीची चटणी होते. जाड रव्यापेक्षाही जाडसर राहिली पाहिजे, मधेमधे अर्धी डाळ दिसली तर उत्तम. फूड प्रोसेसर असेल तर तोच वापरा, पाट्यावर वाटणारं कोणी घरात असेल तर प्रश्नच मिटला.

वाटलेली डाळ लगेच फ्रिजमध्ये ठेवा. वाटलेली कच्ची डाळ उकाड्यात फार पटकन खराब होते, हे गमतीवारी घेऊ नका.

फोडणी जरा आधीच करून गार होऊ द्यायची. तेल अर्धी ते पाऊण वाटी. वाचून दचकाल, पण कच्ची डाळ कोरडी असते, तेल कमी पडलं की घशाशी तोठरा बसतो आणि बायका डाळ सोडून पाणी मागत बसतात. तेल तापलं की दोन चमचे मोहरी, ती तडतडून शांत झाली की एक चमचा हिंग, चारपाच सुक्या मिरच्या, दोन डहाळ्या कढीपत्ता, गॅस बंद, आणि मग हळद. हळद शेवटी म्हणजे करपत नाही आणि डाळीला तो पिवळाधमक रंग येतो.

साडेचारच्या सुमारास सगळं एकत्र करायचं. डाळ, एक नारळ खोवलेला, कोथिंबीर, दोनतीन चमचे साखर, मीठ, आणि कैरीचा कीस. कीस सगळा एकदम ओतू नका, आधी दोन वाट्या घाला, कालवा, चाखा. आता एक गोष्ट अशी की कालवल्या कालवल्या चव घेतली तर ती थोडी जास्तच आंबट, जास्तच तिखट लागली पाहिजे. तासाभरात डाळ तो आंबटपणा ओढून घेते आणि बरोबर जागेवर येते. आत्ताच बरोब्बर लागली तर साडेपाचला सपक लागणार हे नक्की. कैरीला मिठाने सुटलेलं पाणीही डाळच पिते, म्हणून तासभर आधी कालवलेली चालते, मुरते. त्याहून फार आधी नको. मग गार फोडणी वरून. झाकून फ्रिजमध्ये आणि लागेल तशी थोडी थोडी बाहेर काढायची.

कच्च्या डाळीची फार भीती वाटत असेल तर वाटलेली डाळ कुकरमध्ये शिट्टी न लावता ८-१० मिनिटं वाफवून, मोकळी करून, गार झाल्यावर तसंच सगळं घाला. पोटाला हलकी पडते. पण मग ती गणपतीतल्या वाटल्या डाळीच्या वळणावर जाते, चैत्रातली कच्ची कुरकुर राहत नाही. मी कच्चीच करते, फक्त द्रोण छोटा ठेवते.

काकडी आणि कलिंगड

काकडी किसायची नाही, चोचवायची. सोललेली काकडी हातात धरून सुरीने उभ्या-आडव्या खाचा देत बारीक तुकडे पाडत जायचं, जमत नसेल तर सरळ विळीवर किंवा बोर्डवर बारीक चिरा, फरक पडतो पण आभाळ कोसळत नाही. प्रत्येक काकडीचा एक तुकडा आधी चाखा, एक कडू निघाली की अख्खं पातेलं गेलं. चोचवलेली काकडी झाकून फ्रिजमध्ये. दाण्याचं कूट, खोबरं, साखर, मिरची वेगळ्या वाडग्यात कालवून तयार ठेवा. तूप-जिरं-हिंग-मिरचीची फोडणी करून ठेवा, तूप थिजलं तर परत जरा गरम करायचं. वाढायच्या पाच मिनिटं आधी सगळं एकत्र, वर लिंबू, आणि मीठ अगदी शेवटी. पंचवीस जणांचं एकदम कालवू नका, आठ-दहा द्रोणांपुरतं करा, मग परत. मीठ लागलं की काकडी रडायला लागते.

कलिंगड घेताना खालचा, जमिनीला टेकलेला डाग बघा, पिवळसर सायीसारखा असेल तर पिकलेलं, पांढरट-हिरवा असेल तर ठेवून द्या. आणि आकाराच्या मानाने वजनदार पाहिजे. आरासीत ठेवायला त्याचं कमळ कापतात, सुंदर दिसतं, पण तासन्‌तास उघडं राहिलेलं ते कलिंगड वाढू नका. खायचं तासभर आधी कापा, सालीसकट त्रिकोणी फोडी करा म्हणजे हातात धरता येतात, आणि फ्रिजमध्ये.

अजून काही करू का?

हा प्रश्न प्रत्येकीला पडतो. वडे, समोसे, पावभाजी आणलीत तर डाळ-पन्ह्याकडे कोणी बघणार नाही आणि उकाड्यात तळलेलं खाऊन सगळ्या सुस्त. अगदीच हौस असेल तर सुरळीच्या वड्या. एक वाटी बेसन, एक वाटी आंबट ताक, दोन वाट्या पाणी, आलं-मिरचीचं वाटण, हळद, हिंग, मीठ. गुठळ्या मोडून मंद गॅसवर सतत ढवळत शिजवायचं, थेंबभर ताटलीवर पसरून बघायचं, गार झाल्यावर न चिकटता सुटला की झालं, मग पटापट ताटाच्या मागच्या बाजूला पातळ पसरायचं आणि वर खोबरं-कोथिंबीर घालून सुरळ्या. पसरायला मोजून एकदोन मिनिटं मिळतात. आधी कधी केल्या नसतील तर त्या दिवशी पहिल्यांदा करू नका, आधी एखाद्या रविवारी घरच्यांवर प्रयोग करा, किंवा सरळ ऑर्डर द्या.

वाढताना

हळदकुंकू, अत्तर, गुलाबपाणी, गजरा, ओटी हे सगळं झालं की मग बसवून डाळ-पन्हं. पळसाचे द्रोण मिळाले तर बघा, डाळ त्यात कोरडी राहते. काकडीला मात्र स्टीलच्या छोट्या वाट्या, द्रोण पाझरतात. थर्माकोलच्या वाट्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे दुकानदाराने पुढे केल्या तरी घेऊ नका. आणि वाढायला एक माणूस धरून ठेवा, नवरा, दीर, भाऊ कोणीही. तुम्ही दारापाशी हळदकुंकू लावत असाल तेव्हा आत पन्हं ढवळणारं कोणीतरी लागतंच.

देशाबाहेर असाल तर

डाळ, हरभरे, गूळ इंडियन दुकानात मिळतातच. कैरी तिथे नसेल तर व्हिएतनामी किंवा मेक्सिकन दुकानात हिरवे कच्चे आंबे बघा. काहीच नाही मिळालं तर डाळीत आंबट हिरवं सफरचंद किसून भरपूर लिंबू पिळा, आंब्याची डाळ नाही म्हणता येणार पण वेळ भागते. फ्रोझन खोबरं त्यातला बर्फ पूर्ण सुटल्यावर पिळून घ्या, त्यात खूप पाणी असतं. तिकडे थंडीत डाळ भिजायला जास्त वेळ लागतो, सहा तास धरा. आणि शेजारच्या लोकांना, मुलांच्या मित्रांना बोलावलं असेल तर काकडीत दाणे आहेत हे आधीच सांगा, शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं बरीच असतात, त्यांच्यासाठी कूट न घातलेली काकडी वेगळ्या चमच्याने वेगळी ठेवा.

उरलं तर

फ्रिजमध्येच राहिलेली डाळ दुसऱ्या दिवशी वाफवून घ्या किंवा थालीपिठाच्या भाजणीत मळा. त्यात थोडं तांदळाचं पीठ घालून छोटे वडे तळले तरी मस्त होतात. संध्याकाळभर बाहेर राहिलेली मात्र टाकूनच द्या. हरभऱ्यांची उसळ करा, ती तशीही चैत्रात घरोघरी चारचार दिवस चालू असते कारण आपण दिलेत तेवढेच बाकीच्या घरांतून परत आलेले असतात. पन्ह्याचा गर पाणी न घालता उरला असेल तर बरणीत आठवडाभर राहील, उन्हातून आलेल्या माणसाला दोन चमचे गर आणि गार पाणी, चिमूटभर मीठ.